आईच्या खोलीतला बेस

आमच्या तुमसरात बेस म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, वरातीतली डीजेची गाडी. त्यामुळे मी मुंबई सोडून घरी आले, मागच्या खोलीच्या खिडक्या बुजवल्या आणि आत पाच छोटे स्पीकर आणि गुडघ्याएवढा एक काळा डबा आणून बसवला, तेव्हा गल्लीत काय बातमी पसरली असेल ते सांगायला नको. बाबूजींची पोरगी डीजे झाली! समोरच्या काकूंनी तर पुतण्याच्या लग्नाची तारीखच सांगून टाकली. मी म्हटलं, काकू, मी सिनेमाचे आवाज जुळवते, मिक्सिंग म्हणतात त्याला. तर त्या म्हणाल्या, "तेच तं म्हणून राहिली बाई मी. जरा दणक्याचं जुळवजो."

मी कपाळाला हात लावला आणि घरात आले.

परत का आलीस म्हणून कोणी विचारलं तर मी सांगायची, आईसाठी. ते खरंच होतं. बाबा, म्हणजे गल्लीचे बाबूजी, सरकारी कचेरीत कारकून. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांचं टेबल तिकडे गेलं आणि नोकरी संपेपर्यंत ते फक्त शनिवारचे बाबा राहिले. निवृत्त होऊन घरी आले आणि फार काळ टिकले नाहीत. दादा नागपूरला, बायकोमुलांत. आई या घरात एकटी. आणि माझं म्हणाल, तर मुंबईत माझ्याकडे कामाची माणसं ढीगभर होती, जेवलीस का म्हणून विचारणारं एकही नव्हतं. कामं आता इंटरनेटवरून येतात नि जातात. मग दोघींनी दोन गावांत एकटं कशाला राहायचं?

आता माझं काम थोडं समजून घ्या, नाहीतर पुढची भांडणं कळणार नाहीत. थिएटरात आवाज चहूबाजूंनी येतो, तसाच तो मला काम करताना ऐकावा लागतो. म्हणून समोर तीन स्पीकर, मागे दोन. पण हे छोटे स्पीकर अगदी खालचा, जाड आवाज पेलू शकत नाहीत. तेव्हा पाचही जणांचा तो जाड आवाज छाटून एकट्या काळ्या डब्याकडे पाठवायचा. तो सबवूफर. शिवाय ढगांचा गडगडाट, स्फोट, असे सिनेमाचे खास दणके असतात, त्यांचा वेगळा ट्रॅकही त्याच्याच डोक्यावर. घरातल्या थोरल्या सुनेसारखं, सगळ्यांचं जड काम एकटीनं करायचं आणि वर घरात असल्याचं जाणवूही द्यायचं नाही. डबा कोपऱ्यात घुमतोय हे ऐकणाऱ्याला कळलं की मिक्सिंग फसलं.

त्यात पुन्हा जाड आवाज खोलीत सारखा पसरत नाही. एका जागी त्याचा ढीग साचतो आणि बाजूलाच काही नसतं. म्हणून सबवूफर कुठे ठेवायचा हे शोधायची एक रीत आहे. डबा उचलून आपल्या खुर्चीवर ठेवायचा, एक ठोका सारखा वाजत ठेवायचा आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीभिंतीनं फिरायचं. जिथे आवाज नीट, स्वच्छ लागेल तिथे डबा मांडायचा. मी अशी रांगत होते, कान जमिनीला टेकलेला, आणि दारात आई येऊन उभी राहिली.

"काय हरवलं व? कानातलं पडलं का?"

"नाही आई. बेस शोधून राहिली मी."

"बाप्पा! कालच तं आणला होता. इतक्यात कुठी गेला?"

आम्ही दोघी हसलो. तीसुद्धा माझ्यामागून पदर खोचून पलंगाखाली वाकून पाहिल्यासारखं करत होती, मुद्दाम. तिला अशी चेष्टा जमायची. पण त्या दिवशी जी जागा सापडली ती नेमकी आईच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी. पलीकडे तिची खाट. दुसऱ्या खोल्यांचा विचार करण्यात अर्थ नव्हता. पुढची खोली रस्त्यावर, तिथे धानाचे ट्रक दिवसभर गुरगुरतात, आणि स्वयंपाकघराची भिंत राइस मिलच्या आवाराला लागून. हंगामात ती मिल चालू झाली की आमच्या ताटल्या थरथरतात.

आठवड्याभरात तक्रार सुरू झाली. मी खोलीतून बाहेर आले की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"तुहं यंत्र सुरू झालं का माह्या छातीत धडधडते."

मी घाबरले. तिला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. छाती ठणठणीत. तिथून एसटीनं परत येताना ती खिडकीबाहेर पाहत छान गप्पा मारत होती. दुसऱ्या दिवशी मी काम करून बाहेर आले तर पुन्हा तेच. "आज तं लयच धडधडलं व. काय, बॉम्ब फोडून राहिली होती का?" मी म्हटलं, हो, फोडलाच होता, युद्धाचा सीन होता. "मंग माणसं मेले का?" मेली ना. "किती?" मी सांगायची, ती हळहळायची. मग वाटीत चिवडा काढून समोर ठेवायची. रोजचंच होतं हे.

मला वाटायचं, बिचारी किती सहन करते. म्हणून मी सबवूफरचा आवाज बराच उतरवला. कुणाला सांगितलं नाही. त्याच दिवसांत हातात एक मराठी सिनेमा होता. त्यातली बंडी, म्हणजे आपली बैलगाडी, आंबागड किल्ल्याच्या खालच्या रस्त्यावर मी स्वतः माइक धरून रेकॉर्ड केली होती. प्रेमानं केलं ते मिक्सिंग. थिएटरात तपासल्यावर दिग्दर्शकाचा फोन आला.

"ताई, ती बैलगाडी आहे की मालगाडी? खुर्च्या हलल्या हो इथे!"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण राग कोणावर काढणार? चूक साधी होती. मला माझ्या खोलीत बेस कमी ऐकू येत होता, म्हणून मी सिनेमात जास्त भरला. पारड्याखाली बोट धरून तांदूळ तोलल्यासारखं झालं ते. सबवूफरचा आवाज मोजून बाकीच्या स्पीकरांशी जुळवलेला असतो, तो आपल्या मर्जीनं वरखाली करायचा नसतो, हे मी दुसऱ्यांना शिकवायची. सगळं मिक्सिंग पुन्हा करावं लागलं. आवाज होता तिथे परत नेला.

आई त्या दिवशी म्हणाली, "आज पुन्हा सुरू झालं का?"

मी थकलेली होते. ओरडले. "मग करू काय मी? जाऊ परत मुंबईले? सांग ना! तुह्यासाठीच तं येऊन राहिली मी इथं."

पुढच्या रविवारी दादा गाडी घेऊन आला तेव्हा आईची पिशवी भरलेली होती. "थोडे दिवस जाऊन येते," म्हणाली. "तुहं काम होऊन जाऊ दे." दादानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला घराबाहेर काढलं. मी फाटकापर्यंतही गेले नाही.

थोडे दिवस म्हणता म्हणता दिवाळी आली आणि गेली. एकटं घर काय असतं ते मला मुंबईत माहीत होतं असं मला वाटायचं. खोटं. मुंबईत एकटी होते तेव्हा कोणी सोडून गेलं म्हणून एकटी झाले नव्हते. इथे मी मूठभर भात टाकायची आणि ओट्यापाशी उभ्यानंच खायची. संध्याकाळी विहारात वंदनेला जाणाऱ्या बायका फाटकाशी थांबून विचारायच्या, "आई आली का?" नाही म्हटलं की पुढे जायच्या. बाकी दिवसभर ऐकायची ती सिनेमातली माणसं. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मागच्या स्पीकरमधून पावलं वाजली की मान वळायचीच माझी. मीच ठेवलेली असायची ती पावलं तिथे, तरी वळायची. एकदा तर मी त्या पावलांना "हौ, आले" म्हणून उत्तर दिलं. मला आई परत हवी होती. दुसरं काहीसुद्धा नको होतं.

आणि उपाय माझ्या धंद्यातच होता ना! आवाज तिच्या खोलीत जातो, तो जाऊ द्यायचा नाही. झालं. मोठ्या स्टुडिओंतून हेच तर करतात.

सुरुवात मी भुशानं केली. जाड आवाज खोलीच्या कोपऱ्यांत साचतो आणि तो खायला तितकंच जाड, मोकळं, पोकळ काहीतरी लागतं. शहरात त्यासाठी काचलोकर, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, भरतात. तुमसरात राहून काचलोकर कशाला? मिलच्या मागे धानाच्या भुशाचे डोंगर पडलेले. मी बारदान्याची पोती भरभरून आणली आणि चारही कोपऱ्यांत छतापर्यंत रचली. खरंच सांगते, खोलीतला गोंगाट बसला. ठोका वाजायचा आणि लगेच थांबायचा. मी खूश. मग एके सकाळी सबवूफरमधून नुसतीच घरघर येऊ लागली. पाहते तर वायर कुरतडलेली, आणि पोत्यांत उंदरांचा संसार. भुशात धानाचे दाणे राहिले होते.

आईला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की वहिनीनं विचारलं काय झालं म्हणून. "उंदराले पंगत देल्ली व तू! पाखडून नाही घ्याचा का?"

मग मी अंगणात सूप घेऊन बसले. सगळा भुसा पाखडला, दाणा काढून टाकला, भुसा जपून पुन्हा पोत्यांत भरला. अख्ख्या तालुक्यात असं उलटं पाखडणारी मी पहिलीच असेन. समोरच्या काकू कंपाउंडला रेलून म्हणाल्या, "अवो, शिकलेले लोक भुसा खाऊन राहिले का आता?" मीही हसले. अंगाला खाज सुटली होती, नाकात धूळ गेली होती, पण बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझी टर उडवत होतं, ते बरं वाटलं.

भुशानं खोली आतून सुधारली. पलीकडे जाणारा दणका मात्र भुशाचं ऐकत नाही. त्याला वजन लागतं. आईच्या खोलीच्या भिंतीला न चिकटवता मी दुसरी भिंत उभी करून घेतली आणि दोहोंच्या मधल्या फटीत वैनगंगेची रेती भरली. दार असं केलं की उघडताना खांदा लावावा लागतो. डबा जाड फळीवर ठेवला आणि फळीखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे हादरा जमिनीत उतरणार नाही. मिस्त्री दोनदा विचारून गेला, "ताई, तिजोरी करून राहिल्या का?" मी म्हटलं, हो, तिजोरीच समजा.

सगळं झाल्यावर मी सिनेमातला सगळ्यात मोठा स्फोट लावला, तो वाजतच राहील असं केलं, दार बंद करून आईच्या खोलीत गेले आणि तिच्या खाटेवर आडवी झाले. भिंतीला कान लावला, तळहात लावला. काही नाही. थंडगार भिंत. तिकडे खोलीत जग फुटत होतं आणि इकडे मला पंख्याचा आवाज येत होता. मी रडले. आनंदानं रडले. लगेच दादाला फोन लावला आणि म्हटलं, आण तिला.

आई आली. येताना माझ्यासाठी नागपूरची संत्री, समोरच्या काकूंसाठी संत्री, मिस्त्रीसाठीसुद्धा संत्री. तिला खाटेवर बसवून मी आत जाऊन स्फोट लावला आणि धावत बाहेर आले.

"ऐकू येते का?"

"काय?"

"काहीच नाही?"

"नाही व."

"छातीत?"

तिनं छातीवर हात ठेवला, थोडी थांबली. "नाही. काहीच नाही." मी तिला मिठी मारली. आमच्यात मिठी मारायची पद्धत नाही, ती अवघडून बसली. दादा म्हणाला, "चला, सुटलो," आणि निघून गेला. त्या संध्याकाळी मी तिच्यासोबत विहारात गेले. बायका म्हणाल्या, आली का आई, आणि मी इतक्या मोठ्यानं हौ म्हटलं की सगळ्या हसल्या.

मग काम सुरू झालं. आता खोली अशी होती की मुंबईतल्या कुठल्याही खोलीपुढे मान खाली घालायची गरज नव्हती. बंडी बंडीसारखी वाजत होती, ढग ढगासारखा. मी सकाळी आत जायची. एके दिवशी दुपार टळून गेल्यावर भूक लागली म्हणून खांदा लावून दार उघडलं, तर दाराशी स्टूल टाकून आई बसलेली. मांडीवर ताट, वर झाकण.

"इथं काय करून राहिली?"

"जेवाले बोलवाले आली होती. हाका मारून मारून थकली. दारावर थापा मारल्या. मंग म्हटलं, येशील बाहेर तवा येशील."

भात थिजला होता. तीही जेवली नव्हती. मला अपराधी वाटलं, आणि मला अपराधी वाटलं की मी चिडते. "अगं मग तू खाऊन घ्यायचं ना! थांब, यावर उपाय आहे. मोठ्या स्टुडिओत असतो तसा दिवा लावते. बाहेर बटन बसवते. तू दाबलं की आत लाल दिवा पेटेल."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"लेकीले जेवाले बोलवाले बटन दाबू का मी?"

तिनं ताट उचललं, भात गरम करून आणला, आम्ही जेवलो. आणि त्याच दिवशी तिनं दादाला फोन केला.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आता काय झालं? आवाज येते का?"

"नाही येत. तेच तं."

"तेच तं म्हणजे?"

ती पिशवीत साड्या घालत होती. घालता घालता भिंतीकडे पाहत बोलली, अगदी साध्या आवाजात. "पहिले भीत वाजे, तं समजे का तू हायेस. कधी जोरात वाजे, म्हणू, आज काम जास्त हाये. थांबली का म्हणू, उठली आता, चहा ठेवते. आता भितीच्या तिकडं कोणी हाये का नाही, काहीच समजत नाही. तुहे बाबा गोंदियाले होते तवा असंच वाटे. नागपूरले निदान पोरं भांडतात."

"मग धडधडते, धडधडते म्हणून रोज कायले म्हणे तू? मी भिंत बांधली आई त्याच्यासाठी!"

"अवं," ती म्हणाली, "काही तं बोलाले पाह्यजे ना तुह्याशी. तू बाहेर आली का मोबाइल पाहे. धडधडते म्हटलं का मंग पाहे माह्याकडं."

मी म्हटलं, दार उघडं ठेवून काम करते. ती म्हणाली, "नको. मिलचा आवाज आत जाते, तुहं काम बिघडते. पुन्हा त्या सिनेमावाल्याचा फोन येईन." मी म्हटलं, भिंत पाडते. "येडी हायेस का? इतकी चांगली जागा झाली तुही." आणि खरंच तिनं माझ्या खोलीत जाऊन भिंतीवरून हात फिरवला, पोत्यांना थोपटलं. कौतुकानं. मला तिचा इतका राग आला, आणि तिला जाऊ देऊ नये म्हणून मी काय करू हेच समजेना. मी तिची पिशवी उचलून गाडीपर्यंत नेली. या वेळी फाटकाशी उभी राहिले, गाडी वळेपर्यंत.

ती येते अधूनमधून. सणावाराला, विहारात कार्यक्रम असला की. दोन-चार दिवस राहते, तेवढे दिवस मी काम घेत नाही. मग जाते.

बटन मी बसवलंच शेवटी, घराच्या पुढच्या दाराशी. बाहेरचं कोणी आलं तर कळायला हवं. आत समोरच्या स्पीकरच्या वर छोटा लाल दिवा आहे. तो पेटला की मी हातातलं टाकून उठते, खांदा लावून दार उघडते आणि घाईघाईनं बाहेर येते. बहुतेक वेळा कुरिअरवाला असतो, नाहीतर सिलिंडरवाला. मी उगाच त्यांच्यावर खेकसते आणि मग सही करते.